आधी पाणी, मग नारळ

केतकरसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी धायरीत हिराबाईंच्या अंगणात उभी होते आणि मैला उपसणारी गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला हाताने खुणा करत होते. एका कानाशी फोन, दुसरा हात हवेत. गाडीचं मागचं चाक तुळशीवृंदावनाला लागतंय की काय या धास्तीने मी "थांब, थांब!" म्हणून ओरडले आणि पलीकडे शैलाताईंना वाटलं, मी त्यांनाच थांबायला सांगतेय. त्या खरंच थांबल्या. मग म्हणाल्या, "कल्पना, अगं हे गेले... सकाळी चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईपर्यंत..." गाडीचा रिव्हर्सचा भोंगा तेवढा वाजत राहिला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आमची अदिती नाशिकहून निघालीय. ती पोचली की नेतील. तू ये." मी "येते" म्हटलं आणि फोन खिशात टाकला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारत होता, "मॅडम, घेऊ का अजून मागं?" मी म्हटलं, घे.

धायरीहून शनिवार पेठ काही फार लांब नाही. सिंहगड रोड कितीही तुंबलेला असला तरी माणूस तासाभरात पोचतो. मी लगेच का निघाले नाही, असं मला नंतर दोघातिघांनी विचारलं, एकाने तर अगदी तोंडावर विचारलं. तेव्हा मी जे उत्तर दिलं ते फारच तुटक होतं. आता काही आठवडे उलटून गेलेत, पण मला अजून एका जागी धड बसवत नाही. लिहायला बसते आणि उठून बेसिनचा नळ नीट बंद आहे का ते बघून येते. तर हा लेख म्हणजे त्या विचारणाऱ्यांना दिलेलं जरा लांबलेलं उत्तर आहे, असं समजा.

मनोहर केतकर कोण होते ते आधी सांगायला हवं, कारण त्यांच्या कामाचं नाव कुठल्या कोनशिलेवर येत नाही. एखादी मोठी इमारत किंवा पूल उभा राहायच्या आधी शेजारच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या केबिनी येऊन बसतात. तेच साइट ऑफिस. तिथे इंजिनिअर बसतात, अकाउंटंट बसतो, नकाशे पसरले जातात, चहा होतो, माणसं हात धुतात, संडासला जातात. काम संपलं की क्रेन येते, केबिनी उचलते आणि दुसरीकडे नेऊन ठेवते. या तात्पुरत्या संसारात पाणी कुठून येणार, कुठे साठणार, वापरलेलं पाणी कुठे जाणार, याचा विचार सहसा कुणीच करत नाही. साहेबांची केबिन सावलीत बसवतात, गाड्यांची जागा ठरवतात, बोर्ड लावतात, आणि मग कुणीतरी विचारतं, अरे, संडास कुठे? मग तो उरलेल्या कोपऱ्यात जातो. उरलेला कोपरा बहुधा चढावर असतो आणि पाइप उलटा वाहायला लागतो. केतकरसाहेब सिव्हिल इंजिनिअर होते, आयुष्यभर कंत्राटदार कंपन्यांत नोकरी केली, निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून फिरले, आणि या सगळ्या काळात त्यांनी हट्टाने धरलेलं काम हे एवढंच. केबिनी यायच्या आधी ते साइटवर हजर असायचे.

त्यांची एक पद्धत होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टेप, पातळी काढायची पारदर्शक नळी आणि एक स्टीलचं फुलपात्र. जागेवर पोचले की कुणाकडून तरी बादलीभर पाणी मागून घ्यायचे, मधोमध ओतायचे आणि उकिडवे बसून ते कुठे जातंय ते बघत राहायचे. कडक उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून. आजूबाजूला कंपनीची माणसं घड्याळ बघत उभी. पाणी जिरलं की उठायचे, पाच पावलं पुढे जाऊन पुन्हा ओतायचे. त्यानंतर खुंट्या ठोकायच्या : इथे टाकी, इथे हात धुवायची जागा, त्याचं सांडपाणी या शोषखड्ड्यात, आणि मैलापाणी तिकडे बंद टाकीत, जिथपर्यंत उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचेल. सगळं झाल्यावर मग केबिनींची जागा ठरायची. आणि भूमिपूजनाचा नारळ सगळ्यात शेवटी. टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला पाणी यायचं, पिण्याचं पाणी फिल्टरमधून या फुलपात्रात घेऊन साहेब स्वतः प्यायचे, राहिलेलं बेसिनमध्ये ओतायचे आणि लगबगीने खड्ड्यापाशी जाऊन ते आलं की नाही ते वाकून बघायचे. आलं की म्हणायचे, "फोडा आता."

एकदा एका कंपनीचे मालक सपत्नीक आले होते. गुरुजी, हार, पेढे, सगळं तयार. मालक हातात नारळ घेऊन उन्हात उभे आणि साहेब गुडघ्यावर बसून पाइपच्या एका जोडाला कान लावून ऐकतायत. गुरुजी चुळबुळ करत म्हणाले, "अहो, मुहूर्त चाललाय." साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "जाऊ दे की. आपल्याला जायचं नाहीये त्याच्याबरोबर." मालकीणबाई हसल्या म्हणून निभावलं. त्या कंपनीने त्यांना पुन्हा काम दिलं नाही असं वाटेल, पण दिलं. कारण त्या साइटवर वर्षभरात एकदाही घाण वास आला नाही, आणि वास न येणं ही गोष्ट मालकांना बरोबर आठवते.

माझी नि त्यांची गाठ पडली ती बाणेरच्या बाजूला एका साइटवर. मी यवतमाळहून डिग्री घेऊन नुकतीच पुण्यात आले होते. हॉस्टेलचं जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं आणि इथल्या लोकांचं बोलणं कळायचं, पण मनाला लागायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठली?" मी सांगितलं. म्हणाले, "वा. म्हणजे टँकरची सवय आहे. निम्मं शिक्षण झालेलं आहे." मी घाबरून "काहून?" म्हणून गेले आणि सगळं ऑफिस हसलं. त्यानंतर त्यांनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. "ओ यवतमाळ" हेच माझं नाव झालं. सुरुवातीला राग यायचा. पुढे दुसऱ्या कुणी तसं म्हटलं तरच यायचा.

त्यांच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं, हे गेलेल्या माणसाबद्दल लिहितानाही सांगायला हवं. ते टोचून बोलायचे. खुर्चीवर बसायचे नाहीत, त्यामुळे समोरच्यालाही बसता यायचं नाही. आणि "असेल" या शब्दाची त्यांना विलक्षण चीड होती. मी एकदा म्हटलं, "टाकीचं झाकण बसलं असेल, प्लंबर म्हणाला झालंय." ते म्हणाले, "प्लंबर म्हणाला, ठीक. तू पाहिलंस?" मी वर टाकीकडे पाहिलं. "मग मला प्लंबरचा निरोप कशाला देतेस? त्याला तोंड आहे." मी तणतणत टाकीवर चढले. झाकण नव्हतं, आणि आत एक कबूतर मरून पडलं होतं. खाली उतरून सांगितलं तर त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. टाकी रिकामी करून घासून घ्यायला सांगितली, आणि ती घासून होईपर्यंत दोघं उभे राहिलो.

त्याच साइटवरची गोष्ट. ऑफिसात माणसं किती, प्यायला किती लागेल, हात धुवायला किती, संडासला किती, फरशी पुसायला आणि चहाला किती, असा सगळा हिशोब करून त्यांनी टँकर ठरवले होते. पण पाणी उरायला लागलं. टँकरवाला यायचा तेव्हा टाकीत बऱ्यापैकी पाणी असायचं. मॅनेजर खूश. म्हणाले, "सर, तुमचा अंदाज जरा जास्त झाला, पण चांगलंय, बचत होतेय." पण त्या दिवसापासून साहेबांना चैन पडेना. टाकीवर चढून बघ, फ्लोट हलवून बघ, प्रत्येक नळाखाली बादली लावून बघ. गळती शोधणारी माणसं मी पाहिली होती, पाणी उरतंय म्हणून अस्वस्थ झालेला माणूस पहिल्यांदाच बघत होते. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "उरतंय तर उरू द्या ना, साहेब." ते म्हणाले, "माणसं तेवढीच आहेत आणि ऊन वाढतंय. मग कोण पीत नाहीये?"

त्याच संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि माझी पाण्याची बाटली उचलून पाहिली. सकाळी भरलेली, तशीच. मग अकाउंट्सच्या मॅडमच्या टेबलाकडे गेले, तिथलीही तशीच. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण ते काय समजले ते मला कळलं होतं. आमच्या ऑफिसात संडास एकच होता, स्टील यार्डाच्या तोंडाशी, आणि समोर दिवसभर बार वाकवणारी माणसं बसलेली. दाराची कडी आतून लागायची नाही. ही जागा साहेबांच्या नकाशातली नव्हती. ते दुसऱ्या साइटवर गेले तेव्हा मॅनेजरने यार्डासाठी जागा हवी म्हणून केबिन फिरवली होती. आम्ही दोघी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, तिघींनीही आपापल्या मनाने एकच उपाय काढला होता. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाणी प्यायचंच नाही. आम्ही एकमेकींशीही कधी यावर बोललो नव्हतो. मला लघवीला जळजळ सुरू झाली होती, डोकं दुखायचं. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी आमची साइट कुठे पाहिली होती!

साहेबांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर ऑफिसच्या दुसऱ्या बाजूला चर खणायचं काम सुरू झालेलं. बायकांसाठी वेगळा संडास, दार भिंतीकडे, आत बादली, मग, झाकणाची कचराकुंडी, खुंटी आणि भक्कम कडी. मॅनेजर म्हणाले, तीन बायकांसाठी एवढं? साहेब म्हणाले, "तिघी आहेत म्हणून तर एवढ्यात भागलं." तयार झाल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "छान आहे म्हणू नकोस. आठवडाभर वापर आणि काय चुकलंय ते सांग." मी सांगितलं, दिव्याचं बटण बाहेर आहे. त्यांनी ते आत घेतलं. मग पाणी उरायचं थांबलं, आणि ज्या दिवशी टाकी टँकर यायच्या आधीच संपली त्या दिवशी हा माणूस साइटभर हसत फिरला. तेव्हापासून भेटल्याबरोबर त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा : "काय यवतमाळ, पाणी प्यायलीस का?" नमस्कार वगैरे नंतर. पुढे किती साइट झाल्या, माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी फोन उचलला की हाच प्रश्न.

घरीही ते असेच होते, असं शैलाताई सांगायच्या. मंडईत त्या वांगी निवडायच्या आणि हे गटाराची जाळी बघत उभे. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी हात धुवायच्या जागेकडे. "एकदा तर," शैलाताई म्हणाल्या, "माझ्या मावसभावाच्या लग्नात यांनी जेवणाच्या पंगतीतून उठून तुंबलेलं बेसिन मोकळं करून दिलं. मग अहेर नको म्हणाला तो." साहेब आतून ओरडले, "अहेर होताच तो." शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी कितीतरी संध्याकाळी त्या दोघांची अशी भांडणं ऐकत चहा प्यायले आहे.

धायरीचं काम हे त्यांचं शेवटचं. मोठ्या गृहप्रकल्पाला लागून हिराबाईंची मोकळी जागा होती, ती कंपनी साइट ऑफिससाठी भाड्याने घेणार होती. मी तिथे कंपनीची इंजिनिअर, आणि मीच साहेबांना बोलावलं. तब्येत बरी नव्हती, दम लागायचा, पण पिशवी खांद्याला होतीच. हिराबाई त्यांच्या घराच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. साहेबांनी नेहमीप्रमाणे पाणी मागितलं, एक फुलपात्र प्यायला आणि एक बादली ओतायला. हिराबाई म्हणाल्या, "प्या की. आमच्या हिरीचं हाय, टँकरचं न्हाई. सगळी धायरी सोसायट्या झाली, पन हिरीला अजून पानी हाय." साहेबांनी पिऊन पाहिलं आणि दुसऱ्यांदा मागितलं. मग बादली घेऊन जागेवर गेले. जागा मधे उंच होती. चिंचेच्या झाडाच्या बाजूला ओतलेलं पाणी थेट विहिरीकडे पळालं, रस्त्याच्या बाजूचं रस्त्याकडे.

आमच्या मॅनेजरला संडास चिंचेखालीच हवे होते. सावली, आडोसा, ऑफिसच्या मागे, कुणाला दिसायला नकोत. साहेबांनी सगळं उचलून रस्त्याच्या बाजूला घेतलं. मॅनेजर चिडले, "सर, माझ्या खिडकीसमोर संडासाची भिंत येतेय!" साहेब म्हणाले, "खिडकीला पडदा लावता येतो. विहिरीला येत नाही." मॅनेजर म्हणाले, "अहो, टेम्पररी आहे हे सगळं. काम झालं की आपण जाणार." साहेब एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "आपण टेम्पररी आहोत. त्या बाई इथंच राहणार आहेत." त्यांना खोकल्याची उबळ आली आणि वाद तिथेच संपला. नंतर ते हिराबाईंकडे गेले आणि त्यांना सांगितलं, "जागा जशी घेतली तशी परत मिळेल. खड्डे उपसून, भरून, वरून धुम्मसाने ठोकून देईन. मी स्वतः बघेन." हिराबाई म्हणाल्या, "सायब, सगळेच म्हनत्यात तसं." ते म्हणाले, "मी नुसतंच म्हणून गेलो, तर आठवण करून द्या." त्यांच्या त्या शब्दावर हिराबाईंनी जागा दिली, कागदावर नाही.

काम पूर्ण व्हायला आलं तेव्हा साहेब अंथरुणाला खिळले होते. मला कंपनीने पुढच्या साइटवर पाठवलं होतं. धायरीच्या केबिनी उचलल्या गेल्या, जागा झाडून साफ दिसली, फोटो निघाले, कागदोपत्री ताबा परत. मग एक दिवस हिराबाईंचा फोन : "बाई, त्यो मैल्याचा हौद तसाच हाय. वर पत्रा टाकून माती वढलीया. पोरं खेळत्यात तितं." मी मॅनेजरना फोन केला तर ते म्हणाले, "हँडओव्हर झालंय मॅडम, आता तो विषय नाही." शिवाय हिराबाईंच्या पुतण्याने ती जागा मांडववाल्याला गोदामासाठी दिली होती आणि तो तिथे काँक्रीटची फरशी करणार होता. म्हणजे तो भरलेला हौद कायमचा फरशीखाली. हौद विटांचा. आज ना उद्या त्याला तडा जाणार, आणि मग ते पाणी कुठे जाईल हे कुणालाच कळणार नाही.

शनिवार पेठेत भेटायला गेले तर पहिला प्रश्न तोच, पाणी प्यायलीस का. दुसरा, "धायरीचं झालं का?" ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेली, आवाज अर्धा. काय सोपं होतं! "हो साहेब, झालं," एवढं म्हटलं असतं तर ते शांत झोपले असते. शैलाताई त्यांच्या उशामागून मला डोळ्यांनी तेच विनवत होत्या. पण ज्या माणसाने मला टाकीवर चढून बघायला शिकवलं त्याला हे कसं सांगणार? मी म्हटलं, "नाही साहेब. अजून नाही झालं. आणि तो मांडववाला फरशी घालायला येणार आहे." ते उठून बसायला लागले. "मग इथे काय करतेस?" शैलाताई वैतागल्या, "अहो, ती भेटायला आलीय तुम्हाला." ते म्हणाले, "मी कुठे चाललोय? तो मांडववाला चाललाय तिथे. जा." मला रडू येत होतं आणि रागही येत होता. चहा अर्धा टाकून मी उठले. दारातून वळून पाहिलं तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि पायाची बोटं चादरीखाली सारखी हलतायत... ती आमची शेवटची भेट.

गाडी मिळवणं सोपं नव्हतं. रस्त्याच्या बाजूने आता सोसायटीची कंपाउंड वॉल उठली होती आणि तिच्यापलीकडे रस्ता खोदून ठेवलेला. साहेबांनी गाडीचा पाइप पोचावा म्हणून हौद जिथे ठेवला होता तिथेच आता गाडी पोचत नव्हती. उरला एकच मार्ग, हिराबाईंच्या अंगणातून. घाणीची गाडी, तुळशीशेजारून, ओट्याला घासत! मला विचारायचंही धाडस होईना. हिराबाईंनीच विचारलं, "हितनं बसंल का गाडी?" मग त्यांनी सुनेकडून सरपणाचा ढीग हलवून घेतला, म्हैस शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधली. पुतण्या कुरकुरला तर म्हणाल्या, "तुझा मांडववाला उद्या येतोय न्हवं? मग आज माझ्या अंगनात काय बी येईल." माझ्या धाकट्या दिराने मुरमाचा ट्रक ठरवून दिला. असा तो एकच दिवस हाताशी होता. आणि त्याच दिवशी सकाळी शैलाताईंचा फोन आला.

फोन ठेवल्यावर मी हिराबाईंना सांगितलं. त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला. मग म्हणाल्या, "तू जा बाई. मानूस गेलं, त्येचं तोंड बघून ये. हे आमी बघतो." ड्रायव्हरही म्हणाला, "जावा मॅडम, करतो मी सगळं." चांगला होता बिचारा. पण मला या गाड्या ठाऊक आहेत. वरचं पाणी ओढतात, तळाचा गाळ तसाच सोडतात आणि पाइप गुंडाळतात. कुणी उभं नसेल तर त्या गाळावरच मुरूम पडतो आणि वरून सगळं अगदी झकास दिसतं. मी गेटपर्यंत गेले. स्कूटर सुरू केली, बंद केली. परत आले. पुन्हा गेले. डोळ्यांपुढे साहेबांचा चेहरा येत होता, आणि तो चेहरा काय म्हणतोय ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मला त्यांचे पाय धरायचे होते. लहान मुलीसारखं रडायचं होतं. मी स्कूटर स्टँडला लावली आणि हौदाच्या काठाशी जाऊन उभी राहिले.

सुरुवातीला वरचं पाणी ओढून झाल्यावर ड्रायव्हरने पाइप काढायला घेतला. मी म्हटलं, गाळ आहे अजून. त्याने विहिरीचं पाणी ओतून गाळ पातळ केला, पुन्हा ओढला. मी पुन्हा म्हटलं, आहे. तो वैतागला, मीही ओरडले, मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाइप सोडला. शेवटी विटांचा तळ दिसला. मग चुना टाकला, भिंतींच्या वरच्या विटा आत पाडल्या, मुरूम भरला, थर देऊन धुम्मस केली. मधेच अदिती पोचल्याचा मेसेज आला. त्यानंतर साहेबांना घेऊन निघाल्याचा. मी फोन उलटा ठेवला. सगळं सपाट झाल्यावर हिराबाईंकडून बादली मागितली, मधोमध ओतली आणि उकिडवी बसले. पाणी कुठे पळालं नाही, साचलं नाही, हळूहळू जिरलं. हिराबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "झालं गं पोरी. जा आता."

शनिवार पेठेत पोचले तेव्हा घरातले सगळे पुरुष वैकुंठ स्मशानभूमीत गेलेले होते. जिन्यात चपलांचा ढीग. माझ्या सलवारीला चुना आणि मुरूम, अंगाला वास. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. आतल्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "आता आलीय बघा." शैलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, दारापाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग आहे का, मला कळेना.

त्या म्हणाल्या, "रात्रभर विचारत होते. मी म्हटलं, झालं असेल हो, झोपा आता. तर म्हणाले, असेल नको." मग माझ्या मळक्या हाताला धरून म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं, ताई. तळ पाहिला. पाणी ओतून पाहिलं."

शैलाताई आतल्या खोलीकडे वळल्या. खोलीत कुणी नव्हतं, गादी गुंडाळून ठेवलेली, नळीचं यंत्र बंद. एरवी स्वयंपाकघरातून हाक मारायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, झालं म्हणे..." आणि थबकून पुन्हा म्हणाल्या, "म्हणे नाही. तिनं पाहिलंय." तेव्हा मला रडू फुटलं, दारातच. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "आणि तू? सकाळपासून पाणी प्यायलीस का?"

नव्हते प्यायले. लक्षातच आलं नव्हतं. भिंतीवरच्या खुंटीला कापडी पिशवी होती, तीत हात घालून त्यांनी फुलपात्र काढलं, विसळलं आणि माठातून भरून आणलं. आता ते फुलपात्र माझ्या पिशवीत असतं, शैलाताईंनीच दिलं. पण त्या दुपारी मला तेवढं काही सुचत नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच ते सगळं प्यायले आणि त्यांच्यापुढे धरून म्हटलं, अजून द्या.